सात नंबरचा लूम कुणी चालू केला?

१

चांगदेवची दोन बोटं सात नंबरच्या लूममध्ये चिरडली त्याला आठवडा होत आला होता, आणि केसरीनाथशेठच्या यंत्रमागांच्या शेडमध्ये निकाल केव्हाच लागून गेला होता. लाईट गेलेली होती, सैल पडलेला धागा सारखा करायला चांगदेवने हात आत घातला, लाईट आली आणि दुसऱ्या हाताने त्यानेच हिरवं बटण दाबलं. शेठ हेच सांगत, लूमची देखभाल करणारा जॉबर दाजी हेच सांगे. चांगदेव तेवढा "म्या बटन दाबला न्हाय" म्हणत होता, आणि तो दिघाशीला आपल्या घरी हात गळ्यात बांधून पडला होता.

तो खोटं बोलत असला तर बरं, असं सुनीतीला वाटत होतं. तसं वाटल्याबद्दल तिला स्वतःचा रागही येत होता. पण तो खरं बोलत असेल तर दोष तिचा होता.

ही एक्याण्णव सालची गोष्ट. शेडमधल्या प्रत्येक लूमवर जेवणाच्या डब्याएवढी एक पेटी बसवलेली होती. धागा तुटला की पेटीने लूम थांबवायचा. आणि लाईट जाऊन परत आली, तर माणसाने हिरवं बटण दाबेपर्यंत लूम चालू होऊ द्यायचा नाही. या पेट्या शेलार गावच्या रस्त्यावर दत्तोपंतांच्या वर्कशॉपमध्ये बनत. दत्तोपंत कॉलेजात सुनीतीचे सर होते, आता मालक होते. आणि पेटीतल्या प्रोसेसरला कधी काय करायचं ते सांगणारा प्रोग्रॅम सुनीतीने लिहिलेला होता.

"परवा कारखाना निरीक्षक येणार आहेत," दत्तोपंतांनी तिला काल बजावलं होतं. "त्याआधी सात नंबरची पेटी तपास आणि ठीक आहे असा रिपोर्ट दे. शरच्चंद्रला बरोबर ने."

शरच्चंद्र तिच्याहून सीनियर. कामाला पक्का, तोंडाने कडू. सुनीतीने लिहिलेलं काहीही त्याला कधी पसंत पडलं नव्हतं.

सकाळपासून दोघं झगडत होते. पेटीतली प्रोसेसरची चिप काढून तिच्या जागी त्यांनी एम्युलेटरची पट्टी बसवली होती. एम्युलेटर म्हणजे प्रोसेसरचं सोंग घेणारा खोका. पेटीला वाटतं आपला प्रोसेसरच बोलतोय, पण या खोक्याला पाहिजे तिथे थांबवता येतं आणि आत काय चाललंय ते विचारता येतं. विचारणारा प्रोग्रॅम, म्हणजे डिबगर, वरच्या मजल्यावर शेठच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर होता. कारण शेडमधल्या कापसाच्या तुसाने कॉम्प्युटर दिवसभरही टिकला नसता. मधे जिन्यावरून सोडलेली लांबलचक केबल.

आणि ती केबल छळत होती. जोडणी होत नव्हती असं नाही. लहान प्रश्नाला लगेच उत्तर येई. पण "पेटीची सगळी मेमरी वाचून दाखव" म्हटलं, की आकड्यांच्या चार ओळी यायच्या, पाचवीत कचरा यायचा आणि पडद्यावर 'उत्तर नाही' असं येऊन सगळं ठप्प व्हायचं. मग खाली जा, एम्युलेटर बंद करून चालू कर, पुन्हा वर ये, पुन्हा तेच.

"मेला का परत?" खालून शरच्चंद्र ओरडला.

सुनीतीने टेबलावर हात आपटला आणि शेठच्या फोनवरून वर्कशॉपचा नंबर फिरवला.

"लूमच्या मोटारींमुळे होतं ते," दत्तोपंत शांतपणे म्हणाले. "केबलमध्ये गडबड शिरते. तू मेमरी वाचायच्या भानगडीत पडू नकोस. लाईट घालवून-आणून बघ, लूम थांबलेला राहतो की नाही ते टिप आणि निघ."

"वेग कमी करून बघू का सर?"

"मुळीच नको," दत्तोपंत जरा घाईने म्हणाले. "कमी वेगाला एम्युलेटर बिघडतो. आपल्याला दुसरा परवडणार नाही."

२

सुनीतीने सरांचं ऐकलं. दाजीने मेन स्विच पाडला, पुन्हा चढवला. सात नंबर जागचा हलला नाही. हिरवं बटण दाबून मग लाईट घालवली, थोडा वेळ थांबून आणली, ताबडतोब आणली. लूमची मोटार सोडवून ठेवलेली होती, त्यामुळे लूम काही विणत नव्हता, पण मोटारीला हुकूम जातो की नाही ते पेटीवरच्या दिव्यावर कळत होतं. दिवा एकदाही आपणहून लागला नाही. एम्युलेटर काढून मूळ चिप बसवली, तरी नाही.

केसरीनाथशेठ खुर्चीत मागे रेलले. पूर्वी त्यांची खाडीकाठी भातशेती होती. आता तिथे शेड उभ्या होत्या.

"बघा मॅडम. मशीन बराबर हाय. माणूस झूट बोलतोय. मी काय त्याचा दुश्मन हाय का? दवाखान्यात मीच नेला त्याला. पण उद्या साहेबासमोर मी म्हणणार, बटन त्यानंच दाबला."

"तुम्ही बघितलंत?"

"मी वर होतो. दाजीनं बघितला."

दाजीला तिने जिन्याखाली गाठलं. तेलकट हात फडक्याला पुसत तो इकडे तिकडे बघू लागला.

"बघितलं म्हंजे... तो वरडला तवा मी धावलो. मीच मेन पाडला."

"म्हणजे बटण दाबताना नाही बघितलं."

"बटन दाबल्याबिगर लूम चालू व्हतो का मॅडम? मग दाबलाच असणार ना!"

त्याच्या बोलण्यात तिला खोट दिसली नाही. तिचीच पेटी तो तिला समजावून सांगत होता.

सात नंबरच्या समोर भिंतीकडे हौसा कांड्या भरायला, म्हणजे लूमसाठी बारक्या रिळांवर धागा गुंडाळायला, बसत असे. मधल्या वयाची बाई, केसांत तूस अडकलेलं. सुनीती तिच्याजवळ जाऊन बसली तशी हौसाने आधी जिन्याकडे बघून घेतलं.

"मना कोनी इचारलाच न्हाय बाई."

"मी विचारते. लाईट आली तेव्हा तू कुठे बघत होतीस?"

"वर. पंख्याकडं. गरमीनं जीव जात व्हता." तिने कांडी खाली ठेवली. "पंखा फिरला आन लूम वाजला. दोनी संगतीच. मंग त्याची बोंब आयकली. तुमीच सांगा, लाईट आली ही समजून बटन दाबाया जरा तरी येल लागंल का न्हाय?"

 हौसाचं म्हणणं खरं धरलं तर पेटीने लूम स्वतःहून चालू केला होता. आणि त्याच पेटीने आज दिवसभर तसं करायला नकार दिला होता.

३

तिने पेटी पुन्हा उघडली. या वेळी काही जोडायला नाही, नुसतं बघायला.

आतल्या बोर्डावर तुसाचा थर बसला होता. शेडच्या हवेत तो चुकतच नाही. झाकणाच्या फटीतून शिरतो आणि तेलाच्या वाफेने चिकटून बसतो. कोपऱ्यातली चिमुकली बॅटरी, तारा, सगळं करडं पडलं होतं. प्रोसेसरची चिप त्यांनी सकाळपासून हाताळली होती, तिच्यावर बोटांचे डाग होते. पण तिच्या शेजारी प्रोग्रॅमची चिप होती. तिला आज कुणीच हात लावला नव्हता. ती नुकतीच पुडीतून काढल्यासारखी स्वच्छ होती.

"शरच्चंद्र, ही चिप तुम्ही पुसलीत?"

"मला दुसरा धंदा नाही का?" तो वाकला. वाकलेलाच राहिला. "नवी आहे ही."

"दाजी!" सुनीतीने हाक मारली. "ही पेटी अपघातानंतर कुणी उघडली होती?"

"इथं कोनी न्हाय. तुमचे मोठे साहेब आलते ना, त्याच सांजेला. खोलून घेऊन गेले, दुसऱ्या दिशी सकाळी आनून बशिवली. तवापासून लूम बंद. पेटीवरचा कापडाचा आकडाबी तसाच हाय."

पेटी वर्कशॉपमध्ये येऊन गेली होती आणि सुनीतीला कुणी सांगितलं नव्हतं. प्रोग्रॅम तिचा, आणि तिलाच नाही.

"तुम्हाला माहीत होतं?" तिने शरच्चंद्रला विचारलं.

"मी त्या दिवशी पुण्याला होतो." त्याचा चेहरा नेहमीसारखा तुसडा होता, पण आवाज थोडा खाली आला होता.

चिप बदलली असेल तर आज केलेल्या तपासण्यांना काही अर्थ नव्हता. जी चिप त्या दिवशी पेटीत होती ती आता कचऱ्यात गेली असेल, नाहीतर पुसून कोरी झाली असेल. सुनीतीला रडू यायचंच बाकी होतं. दिवसभर ती एका निर्दोष चिपची उलटतपासणी घेत बसली होती.

तिची नजर बॅटरीवर गेली. लाईट गेली तरी विणलेल्या कापडाचा, म्हणजे किती आडवे धागे विणले त्याचा, आकडा पुसला जाऊ नये म्हणून ती बॅटरी पेटीच्या मेमरीला जागं ठेवत असे. प्रोग्रॅमची चिप बदलता येते, पण मेमरी ही वेगळी चिप. आधीच्या प्रोग्रॅमने तिथे काही लिहून ठेवलं असेल, तर ते अजून तिथेच असणार.

म्हणजे पुन्हा तेच करायचं होतं, जे सकाळपासून होत नव्हतं: सगळी मेमरी वाचायची.

४

एम्युलेटर पुन्हा जोडला. चार ओळी आल्या, कचरा आला, 'उत्तर नाही'. शेठला सांगून शेडमधले सगळे लूम थोडा वेळ बंद ठेवले. शेठ घड्याळाकडे बघत बडबडत होते. शेडमध्ये एवढी शांतता पसरली की बाहेरच्या टेम्पोचा हॉर्न ऐकू आला.

चार ओळी, कचरा, 'उत्तर नाही'.

"मोटारींची गडबड म्हणे!" सुनीती चिडून म्हणाली. "मोटारी बंद आहेत!"

शरच्चंद्र वर आला. खुर्ची ओढून पडद्याकडे बघत राहिला. "किती वेगाने वाचतेयस?"

"नऊ हजार सहाशे."

"वेडी आहेस का? तीनशेवर आण. गाढवाच्या चालीने येऊ दे, पण येऊ दे."

"सर म्हणाले, कमी वेगाला एम्युलेटर बिघडतो."

"कोण म्हणालं? दोन वर्षं मी तीनशेवर चालवलाय हा खोका. कधी शिंकलासुद्धा नाही."

सुनीतीने त्याच्याकडे पाहिलं आणि वेग तीनशेवर आणला.

ओळ आली. दुसरी आली. चौथी. पाचवी स्वच्छ आली. आकडे एकेक करून, जिना चढणाऱ्या म्हाताऱ्यासारखे पडद्यावर येऊ लागले.  सुनीतीचा प्रोग्रॅम वापरत असे तेवढा मेमरीचा भाग संपला. त्यापुढची मेमरी रिकामी असायला हवी होती, तिथे सगळी शून्यंच दिसायला हवी होती.

तिथे शून्यं नव्हती. नोंदींची एक रांग होती.

"हे माझं नाही," सुनीती म्हणाली.

शरच्चंद्र उठून उभा राहिला. 

"माझं आहे," तो म्हणाला.

५

त्याने सांगितलं ते थोडक्यात असं. पेट्या नवीन असताना त्या वर्कशॉपमध्ये कुणी नसताना सलग चालवून बघायच्या होत्या. लाईट जाऊन आली की बटण दाबायला माणूस कुठला? म्हणून त्याने चाचणीपुरता एक प्रोग्रॅम केला होता. लाईट थोडाच वेळ गेली असेल तर परत येताच तो मोटार आपोआप चालू करायचा, आणि प्रत्येक वेळी मेमरीच्या टोकाला त्या क्षणीचा कापडाचा आकडा नोंदवून ठेवायचा.

"ती चिप टेबलाच्या खणात होती. शेडमध्ये आणायचीच नव्हती. सुनीती, मी नाही बसवली ती." कधी नव्हे ते तो अजिजीने बोलत होता. "पण तू का विश्वास ठेवशील?"

"थांबा," ती म्हणाली आणि केबलच्या टोकाचा प्लग उचलून त्याच्या कव्हराचे स्क्रू काढू लागली.

आत तारांचा गुच्छ होता. सगळ्या जागच्या जागी दिसत होत्या. तिने एकेक तार चिमटीत धरून हलकेच ओढली. एक तार सहज बाहेर आली. टोक तुटलेलं नव्हतं. कटरने सरळ कापलेलं होतं, आणि वर प्लास्टिकची नळी सरकवून ते झाकलेलं होतं.

ती तार कॉम्प्युटरकडून एकच निरोप नेत असे: जरा थांब, आधीचं वाचून होऊ दे. ती नसली तर लहान उत्तरं नीट येतात, कारण थांबायची वेळच येत नाही. मोठं उत्तर मात्र आदळत येतं आणि सांडतं. वेगच कमी केला तर थांबवायची गरज उरत नाही.

"काल संध्याकाळी वर्कशॉपमध्ये मी तुमच्या आणि सरांच्या समोर म्हणाले होते, उद्या सगळी मेमरी वाचणार," सुनीती हळूहळू बोलत होती, जणू स्वतःलाच सांगत होती. "केबल टेबलावर होती. ही तार तुम्ही कापली असती तर वेग कमी कर असं मला कधीच सांगितलं नसतं. ज्याने कापली त्याने नेमकं उलटं सांगितलं."

शरच्चंद्रने ते कापलेलं टोक बोटावर फिरवून पाहिलं. खाली स्कूटर थांबल्याचा आवाज आला.

सुनीती काचेशी गेली. दत्तोपंत शेडमध्ये शिरले होते. दाजीला त्यांनी मान डोलावली आणि वर न येता सरळ सात नंबरकडे गेले. खिशातून त्यांनी स्क्रूड्रायव्हर काढला.

बॅटरी. ती एकदा निघाली, की मेमरीतलं सगळं पुसलं जाणार होतं.

"शरच्चंद्र!"

तो जिन्यावरून उतरत नव्हता, कोसळत होता. लूमपाशी पोचून त्याने आपला पंजा पेटीवर पालथा ठेवला.

"साहेब, हात लावू नका."

"बाजूला हो. चुकीचं जोडलंय तुम्ही." दत्तोपंतांचा आवाज वर्गातल्यासारखा होता.

"हात लावू नका," शरच्चंद्र पुन्हा म्हणाला. आता दाजीही जवळ आला होता, हौसा उठून उभी राहिली होती. शेठ वरच्या कठड्याशी आले.

सुनीती खाली आली. 

"सर, तुम्ही म्हणाल की ही नोंद वर्कशॉपमधल्या चाचणीची असेल. पण शेवटच्या नोंदीतला कापडाचा आकडा आणि आज पेटीवर दिसतोय तो आकडा, यांच्यात दोनच धाग्यांचा फरक आहे. लूम आपोआप चालू झाला, दोन धागे विणले आणि हात अडकून थांबला. त्यानंतर तो आजपर्यंत चाललेला नाही." तिने पेटीकडे बोट दाखवलं. "ती चिप त्या दिवशी इथेच होती. आणि त्या दोन धाग्यांत चांगदेवची बोटं गेली."

दत्तोपंतांनी स्क्रूड्रायव्हर खिशात ठेवला. मग पुन्हा काढला. काय करावं ते त्यांना सुचत नसावं.

"लाईट क्षणभर गेली तरी सगळे लूम बंद पडतात, प्रत्येकाचं बटण दाबत फिरावं लागतं," ते अखेर म्हणाले. "शेठ म्हणाले, आपोआप चालू होणारी पेटी द्या, नाहीतर सगळ्या पेट्या काढून घेऊन जा. म्हटलं, आधी एकाच लूमवर बघू. दोन-चार दिवसांचा प्रश्न होता. लाईट नसताना कुणी हात घालेल असं..."

"लाईट नसतानाच तर घालतात," दाजी मधेच म्हणाला. "चालू लूममदी कोन हात घालतो, साहेब?"

"आणि चांगदेवला सांगितलं होतं?" सुनीतीने विचारलं.

दत्तोपंत पेटीकडे बघू लागले. वर कठड्याशी केसरीनाथशेठ घाईघाईने म्हणत होते, "मला ह्यातला टेक्निकल काय पण म्हाइत न्हाय. त्यांनी दिला, मी लावला." पण ऐकायला कुणी मान वर केली नाही.

६

दुसऱ्या दिवशी निरीक्षकांसमोर सुनीतीने मेमरी पुन्हा वाचून दाखवली, गाढवाच्या चालीने. निरीक्षकांना त्यातलं फार कळलं नसावं, पण कापलेली तार आणि दोन धाग्यांचा फरक कळला. दत्तोपंतांनी लेखी जबाब दिला. शेठनी सगळं दत्तोपंतांवर ढकललं. दत्तोपंत त्याला ना हो म्हणाले, ना नाही. नुकसानभरपाईचं प्रकरण पुढे जाईल, वेळ लागेल, असं निरीक्षक म्हणाले. किती वेळ, ते त्यांनी सांगितलं नाही. शरच्चंद्रने तिथेच वर्कशॉपच्या किल्ल्या दत्तोपंतांच्या हातात ठेवल्या. सुनीतीकडे द्यायला किल्ल्या नव्हत्या. ती नुसती "येते सर" म्हणाली.  ज्या माणसाने तिला पहिली सर्किटं शिकवली, त्याच्यावर नीट चिडताही येत नव्हतं, आणि न चिडताही राहवत नव्हतं.

दुपारच्या एस.टी.ने ती दिघाशीला गेली.

चांगदेव ओटीवर बसला होता. तिला बघून उठायला लागला, तिने बसा म्हटलं. हाताचं बँडेज मळलं होतं. ती कोण हे त्याला ठाऊक नव्हतं. पेटीचा प्रोग्रॅम मी लिहिला, असं तिने सांगितल्यावर तो जमिनीकडे बघू लागला.

"चूक झाली आसंल माजी," तो पुटपुटला. "समदी म्हंतात. शेठ म्हंतो, दाजी म्हंतो. म्या लई इचार केला बाई. रातच्याला झोप न्हाय. आता मनाबी वाटतं, दाबला आसंल. घाईत दाबला आसंल, आन ध्यानात न्हाय ऱ्हायला."

सुनीतीने येताना एस.टी.त बरंच काही ठरवलं होतं: चिप, मेमरी, नोंद, सगळं सोपं करून कसं सांगायचं ते. त्यातलं एक अक्षर तिला आठवेना.

"तुम्ही बटण दाबलं नाही," ती म्हणाली. "लूम आपोआप चालू झाला. आम्ही काल शोधून काढलं. आज निरीक्षक साहेबांना दाखवलंसुद्धा."

 चांगल्या हाताने चांगदेवने दुखरा हात मांडीवर नीट ठेवला, मग पुन्हा उचलला. मग आत वळून त्याने बायकोला हाक मारली.

"कमळे, भाईर ये." आणि सुनीतीकडे वळून म्हणाला, "आता बोललात ती परत बोला बाई. हिलाबी मीच दाबला आसं वाटतंय."